कड बघून घ्यावी

डब्यावरच्या नावाला भुलू नये.
नाव काय, दापोलीतही छापून मिळतं.
डिस्कच्या भोकाभोवती बारीक आकडे असतात, ते वाचावेत.
पन्नासही कोऱ्या डिस्कवर एकाच घरचा आकडा असेल
तर माल एका कारखान्याचा.
नाहीतर कुणीतरी उरलंसुरलं रचून
वर प्लॅस्टिक ओढलंय.

मग एक उचलून ट्यूबलाइटसमोर धरावी.
चांगलीतून उजेड जांभळट येतो, सगळीकडे सारखा,
आगळात पाणी घातल्यासारखा.
वाईट असेल तर टाचणीएवढी भोकं चमकतात.
शेवटी कड.
दोन पापुद्रे चिकटवलेले असतात, तिथे नख फिरवावं.
आमच्या हर्णैत समुद्राला आत शिरायला
तेवढी फट पुरते.

हे मला कंपनीच्या माणसाने नाही शिकवलं.
संध्याकाळच्या लिलावात पारूमावशी पावसे
सुरमईचा कल्ला उचलून बघायची.
"डोळा कोणपण धुतो रे," म्हणायची,
"कल्ला धुता येत नाय."

ऐकलं होतं. वापरलं नव्हतं.

त्या वर्षी डिस्कमागे चार रुपये वाचवले मी,
शंभराचा गठ्ठा, नाव वाचता न येणारा.
नसीम होडेकरचं लग्न.
बाप जहाजावर, कुवेतबाहेर नांगर टाकून,
रजा नाही.
मामाने विमानातून डिस्क नेली,
आणि मी टेपवर पुढच्याच आठवड्यात
कुणाचा तरी साखरपुडा चढवला.
टेप महाग होती.

महिन्याने रात्री फोन.
"एकेचाळीस मिनिटं चालते," गफूरभाई म्हणाले,
"वकील आत जातात, विचारतात, कबूल आहे का,
पोरगी मान वर करते,
आणि मग नुसते चौकोन."
मागे इंजिनाची घरघर.
"दुसरी पाठव."
दुसरी कुठली?
मी शटर अर्धं खाली ओढलं, खरं ते सांगितलं.
शिवी येईल म्हणून थांबलो.

"बरं," ते म्हणाले. "पुढे काय झालं?"

आतल्या खोलीत मला जायला नव्हतंच,
कॅमेरा तिच्या खालाच्या हातात होता.
पण जोडकाम करताना तेवढा तुकडा मी
चार-पाच वेळा मागेपुढे केला होता.
सांगत गेलो.
आधी बोललीच नाही. पाणी मागितलं.
अर्धं प्यायली, पेला बहिणीकडे दिला.
दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू झाली,
म्हणून तिसऱ्यांदा विचारावं लागलं.
"म्हणाली तेव्हा कशी दिसत होती?"
दिसत नाही, गफूरभाई. खालाचा हात हलला,
पडद्यावर नुसता पंखा. आवाज मात्र आहे.
"कसा आहे?"
घोगरा. तुमच्यासारखा.

बराच वेळ घरघर.
मग विचारलं, जेवायला काय होतं.
सांदणं, म्हणालो, आणि गोश्त,
आणि कार्डातले पैसे संपले.

तेव्हापासून आकडा, उजेड, कड.
राइट करताना वेग चारचा, घाई नाही.
वर कागद चिकटवू नये, बॉलपेनने नाव घालू नये.
गिऱ्हाइकासमोर शेवटपर्यंत चालवून दाखवावी,
चहा आपल्याकडून.
टेप पुसू नये.

गफूरभाई परत आले ते भांडले नाहीत.
ती डिस्क चिकूला टांगलीय, वानरांसाठी.
वानरं घाबरत नाहीत. पाच वाजता
उन्हाचा एक तुकडा माझ्या काउंटरवर फिरून जातो.

आता सगळं फोनात. डिस्क कुणी मागत नाही.
चांगल्यातल्या अकरा उरल्यात, तांदळाच्या डब्यात पुरलेल्या.
काल नसीमचा पोरगा आला,
शाळेच्या प्रकल्पाला चमकणारं काहीतरी हवं होतं.
जुन्या गठ्ठ्यातली दिली.
दोन मागितल्या, दोन दिल्या.
डब्याकडे बोट दाखवलं त्याने.
त्यातली नाही, म्हटलं.